गाडीला मत असतं, मालाला नसतं



आजची नोंद पिकाची नाही, रस्त्याची आहे. हुमणी, तांबेरा, पाण्याच्या पाळ्या हे विषय सोडून टोलच्या भानगडीत कशाला पडता, असं काही जण विचारतील. पडायलाच पाहिजे. माल बांधावरनं उचलला की पुढचा सगळा खर्च रस्त्यावर होतो आणि तो शेवटी आपल्याच पट्टीतनं वजा होतो.

सध्या शहरांत भुयारांचं वारं आहे. ठाणे-बोरिवलीचं जुळं भुयार कामाला लागलंय. पुण्यात येरवड्यापासनं कात्रजपर्यंत वीसेक किलोमीटर जमिनीखालनं रस्ता न्यायचं घाटतंय. असल्या कामाला हजारो कोटी लागतात. मग पैसा कुठनं आणायचा असा प्रश्न निघाला की कोणीतरी हमखास एक वाक्य टाकतो, "खासगी कंपनीला द्या, टोल घेऊ द्या, सरकारचा एक रुपया जाणार नाही."

माझं भांडण या वाक्याशी आहे. रस्त्याशी नाही, भुयाराशी नाही. चांगला रस्ता आपल्याला पाहिजेच. कोथिंबिरीचा टेम्पो तासभर अडकला तर काय होतं हे आपल्याइतकं कोणाला कळतं? पण "एक रुपया जाणार नाही" हे खोटं आहे, आणि ते खोटं सगळ्यात जास्त कोणाला महागात पडतं हे आज मांडतो.

खासगी पैसा म्हणजे कोणाचा पैसा?

कंपनी काय स्वतःच्या खिशातनं रस्ता करत नाही. थोडं भांडवल ती घालते, बाकी बँकेचं कर्ज. बँकेतल्या ठेवी तुमच्या-आमच्या. सरकारला जे कर्ज कमी व्याजानं मिळालं असतं, तेच कंपनी जास्त व्याजानं घेते, वर आपला नफा लावते, आणि ते सगळं वाहनवाल्याकडनं वीस-तीस वर्षं वसूल करते. सोसायटीचं पीककर्ज मिळत असताना सावकाराच्या दारात जाण्यातला हा प्रकार.

मग सरकार आणि महापालिका तिकडं का जातात? कारण हे कर्ज त्यांच्या वहीत दिसत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढत नाही. सातबारा कोरा दिसतो, पण पीक मात्र तीस वर्षं दुसऱ्याच्या खळ्यावर जातं.

यावर शिकलेली माणसं सांगतात की कंपनी जोखीम घेते, म्हणून तिला नफा जास्त. बरोबर आहे, मला मान्य आहे. जो जोखीम घेईल त्याला मोबदला मिळालाच पाहिजे. आपण तरी दुसरं काय मागतोय? प्रश्न एवढाच की जोखीम खरंच त्यांच्याकडं राहते का.

कोल्हापूरचं गणित

आमच्या भागातल्या माणसाला हे पुस्तकातनं शिकायची गरज नाही. कोल्हापूर शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या पद्धतीनं करायचं ठरलं. २००८ चा करार. महापालिका, रस्ते विकास महामंडळ आणि आयआरबीची कंपनी. काम २२० कोटींचं, टोल ३० वर्षं. शहरात शिरायच्या वाटांवर नऊ नाके. शिरोलीकडनं या, फुलेवाडीकडनं या, कळंब्याकडनं या, नाका चुकायचा नाही.

ध्यानात घ्या, हा महामार्ग नव्हता. बाजारात जायचा, दवाखान्यात जायचा, कोर्टात जायचा रोजचा रस्ता होता. भोवतालच्या तालुक्यांचा सगळा व्यवहार त्या शहरात. शाहू मार्केट यार्डात गूळ न्यायचा, भाजी न्यायची, तर त्याच वाटा. पर्यायी रस्ता नाही आणि तीस वर्षांची सही झालेली. त्या सहीच्या आधी आजूबाजूच्या एका तरी ग्रामसभेत तो करार वाचला गेला होता का? ज्यांच्या मालावर वसुली व्हायची होती त्यांना कोणी विचारलं होतं का?

आंदोलन उभं राहिलं. एन. डी. पाटील सर म्हातारपणात रस्त्यावर उतरले, कॉम्रेड गोविंद पानसरे उतरले, सगळे पक्ष, तालमी, मंडळं, गावं उतरली. कामं अर्धवट आहेत, गटारींचा पत्ता नाही, झालेल्या कामाचं मोल नीट काढलेलं नाही, असे आक्षेप होते. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले, मग कोर्टकचेऱ्या झाल्या. शेवटी डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाल्याचं जाहीर झालं. गुलाल उधळला. उधळायलाच पाहिजे होता, एवढी मोठी लढाई लोकांनी जिंकली होती.

पण गुलाल खाली बसल्यावर हिशेब बघा. करार मोडला म्हणून राज्य सरकारनं कंपनीला साडेचारशे कोटींच्या वर रक्कम द्यायचं ठरवलं. काम २२० कोटींचं. मधल्या काळात वसूल झालेला टोल वेगळाच. म्हणजे ज्या कामात "एक रुपया जाणार नव्हता" त्यात दुपटीहून जास्त गेले. आणि ते सरकारी तिजोरीतनं, म्हणजे ज्यानं आयुष्यात रंकाळा बघितला नाही त्या गडचिरोलीच्या धानवाल्यानंही त्यात आपला वाटा भरला.

मी आंदोलनाला दोष देत नाही. दोष कराराचा आहे. टोल चालला तर लोकांनी द्यायचे, बंद पडला तर सरकारनं द्यायचे. कंपनीनं द्यायचे असं त्यात कुठं आहे? आपल्याकडं गारपीट झाली तर पंचनाम्याला तलाठी यायला आठवडा लागतो आणि मदत येईपर्यंत पुढचा हंगाम निघून जातो. जोखीम म्हणजे काय हे आम्हाला शिकवू नये कोणी.

प्रोजेक्ट रिपोर्टातलं पीक

आता अंदाजांबद्दल. आपल्यातल्या कितीतरी जणांनी दहा-वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस केलं असेल. त्याचा प्रोजेक्ट रिपोर्ट आठवा. ढोबळी इतके टन, जरबेरा दिवसाला इतकी फुलं, दर अमुक, चार-पाच वर्षांत कर्ज निल. कागदावर एकही पॉलिहाऊस आजवर तोट्यात गेलेलं नाही. कारण तो कागद कर्ज मंजूर व्हावं म्हणून केलेला असतो. प्रत्यक्षात वादळानं कागद फाटतो, लग्नसराईत दर पडतो, आणि बँकेची नोटीस घराच्या दारावर लागते. रिपोर्ट करणाऱ्याला कोणी नोटीस काढत नाही.

शहरी टोल रस्त्याचा 'वाहनसंख्येचा अंदाज' हा तसाच कागद. तो कसा फसतो हे बघायचं तर ऑस्ट्रेलियाकडं बघावं लागतं, कारण खासगी पैशाची टोल भुयारं तिथल्या शहरांनी एकामागनं एक केली. सिडनी शहराच्या मधोमध २.१ किलोमीटरचं क्रॉस सिटी टनेल ऑगस्ट २००५ मध्ये चालू झालं. दिवसाला सुमारे ९० हजार गाड्या जातील असा अंदाज होता. प्रत्यक्षात तीसेक हजारांच्या आसपास जाऊ लागल्या. करार करताना वरचे काही रस्ते अरुंद आणि बंद करायचं ठरलेलं होतं, म्हणजे गाडीवाला झक मारत भुयारात जाईल. लोक इतके चिडले की सरकारला त्यातले काही बदल मागं घ्यावे लागले. डिसेंबर २००६ मध्ये, म्हणजे दीड वर्ष व्हायच्या आत, भुयार देणेकऱ्यांच्या ताब्यात गेलं. त्याच शहरातलं लेन कोव्ह टनेल २००७ ला उघडलं, २०१० ला बुडालं. ब्रिस्बेनचं क्लेम सेव्हन मार्च २०१० ला उघडलं, फेब्रुवारी २०११ ला बुडालं. तिथंच एअरपोर्ट लिंक नावाचं आणखी एक भुयार जुलै २०१२ ला उघडलं, ते फेब्रुवारी २०१३ ला गेलं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. तिथं तोटा गुंतवणूकदारांनी खाल्ला. भुयार जागेवर राहिलं, गाड्या चालू राहिल्या. जोखीम खरीच कंपनीकडं असली तर असं होतं, आणि त्यात मला काही चूक दिसत नाही. पण मग पुढं काय झालं ते बघा. हात पोळल्यावर खासगी पैसा शहाणा झाला. सिडनीचा पुढचा मोठा प्रकल्प, वेस्टकनेक्स, ३३ किलोमीटर, त्यातला बराचसा जमिनीखालनं. तो आधी सरकारनं स्वतः उभा करायला घेतला, आणि मग २०१८ आणि २०२१ मध्ये दोन टप्प्यांत खासगी कंपन्यांच्या गटाला विकला. नांगरट, लागण, पहिली भरणी सरकारची. तोडणीला हे हजर. टोल २०६० पर्यंत. आज जन्मलेलं पोरगं पस्तिशीला येईल तरी नाका चालूच.

सूट कोणाला, वसुली कोणाची

आता मुख्य मुद्द्यावर येतो. टोलवर लोक चिडले की सरकार सूट देतं. ती कोणाला मिळते ते बघा.

मुंबईत शिरायच्या पाच नाक्यांवर टोल आहे. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली, वाशी. शहरातले उड्डाणपूल रस्ते विकास महामंडळानं बांधले, त्यांचा खर्च काढायला हे नाके. २०१० मध्ये वसुलीचा हक्क एका कंपनीला १६ वर्षांसाठी दिला आणि २,१०० कोटी आगाऊ घेतले. म्हणजे आंब्याची बाग मोहोरावरच उक्ती विकली. व्यापाऱ्यानं पुढं काय काढलं याच्याशी मालकाचा संबंध संपला.

१४ ऑक्टोबर २०२४ ला मंत्रिमंडळानं हलक्या वाहनांना पाचही नाक्यांवर टोलमाफी दिली. त्याच रात्री बारापासून लागू. दुसऱ्या दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. तारखा मी सांगितल्या, अर्थ तुम्ही लावा.

कारवाला सुटला, चांगलं झालं. पण ट्रक सुटला नाही. आणि कारचा बुडालेला टोल भरून काढायचा म्हणून जड वाहनांकडनं वसुलीची मुदत २०२६ वरनं २०२९ पर्यंत वाढवली. परत एकदा वाचा. कारची माफी ट्रकच्या डोक्यावर टाकली. त्या ट्रकमध्ये काय असतं? जुन्नरचा टोमॅटो, लासलगावचा कांदा, आमचा गूळ, कोणाचं दूध, कोणाची केळी.

दुसरं उदाहरण मुंबईच्याच सागरी किनारा रस्त्याचं. महापालिकेनं स्वतःचे सुमारे १४ हजार कोटी घालून केला, त्यात दोन किलोमीटरची जुळी भुयारं. टोल नाही. उत्तम काम, अभिनंदन. पण त्यावर मालवाहू गाडीला बंदी आहे आणि दुचाकीलाही. म्हणजे श्रीमंत महापालिकेनं कारसाठी फुकट रस्ता केला, आणि गरीब कोल्हापूरनं भाजीच्या टेम्पोवर टोल बसवला.

सिडनीतही चित्र वेगळं नाही. तिथं ट्रकला बहुतेक रस्त्यांवर कारच्या तिप्पट टोल आहे. लोकांची ओरड झाली तेव्हा जानेवारी २०२४ पासनं खासगी गाडीवाल्याला आठवड्याला ६० डॉलरच्या वरचा टोल सरकार परत देऊ लागलं. ट्रकला मोजक्या रस्त्यांवर थोडीफार सूट. देश वेगळा, भाषा वेगळी, न्याय तोच. गाडीत बसलेल्या माणसाला मत असतं. गाडीत भरलेल्या मालाला नसतं.

ट्रकवाला तरी टोल कुठनं देणार? तो भाड्यात लावतो. व्यापारी भाडं बघून दर काढतो. गिऱ्हाईक महाग झालं तर दुसरी भाजी घेतं. राहिला कोण? ज्याचा माल नाशवंत, ज्याला दर ठरवता येत नाही आणि ज्याला माल परत घरी नेता येत नाही, तो. पट्टी काढून बघा. हमाली, तोलाई, भाडं अशा ओळी सापडतील. 'टोल' अशी ओळ दिसणार नाही. तो भाड्याच्या पोटात असतो, म्हणून त्याच्याविरुद्ध कोणी बोलत नाही.

आक्षेप आणि उत्तरं

आपल्या पेजवर कृषी विद्यापीठातले, खात्यातले बरेच जण आहेत. त्यांचा पहिला आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय. ट्रकला दीडशे रुपये टोल, ट्रकमध्ये नऊ टन माल, म्हणजे किलोला दोन पैसेसुद्धा नाहीत. एवढ्यासाठी एवढं?

गणित बरोबर आहे. लांबच्या मोठ्या ट्रकला ते लागू पडतं. पण शहराभोवतीच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यातला शेतकरी नऊ टन भरून जात नाही. तो रोज पहाटे पिकअपमध्ये सात-आठशे किलो माल नेतो. समजा जाऊन-येऊन ६० रुपये टोल पडला आणि वर्षात ३०० फेऱ्या झाल्या, तर वर्षाला १८ हजार. दरवाढ धरली नाही तरी तीस वर्षांत पाच लाख चाळीस हजार. त्यातनं ठिबक झालं असतं, वर विहिरीचं कामही झालं असतं. शहराला रोजचा ताजा भाजीपाला हाच माणूस देतो, आणि नाका बरोबर त्याच्याच वाटेवर असतो. किलोचे पैसे लहान दिसतात, करार मात्र एका पिढीचा असतो.

दुसरा आक्षेप असा की भुयारानं वेळ आणि डिझेल वाचतं, त्याचे पैसे नकोत का द्यायला? जरूर द्यावेत, वाचलं तर. वाट दोन असतील आणि माणूस राजीखुशीनं पैसे देऊन जवळची घेत असेल तर तो व्यवहार झाला. जुनी वाट बंद करून नवी घ्यायला लावली तर ती वसुली झाली. शिवाय भुयारात ज्वलनशील मालाला आणि उंच गाड्यांना बंधनं असतात, शहरात दिवसा जड गाड्यांना मनाई असते. ज्याला त्या रस्त्याचा पूर्ण फायदा मिळत नाही त्यालाच जास्त दर, हा कुठला हिशेब?

तिसरा आक्षेप, खासगी पैसा नसेल तर रस्तेच होणार नाहीत. होतील. केंद्रानं २०१६ पासनं मोठ्या प्रमाणावर वापरलेली हायब्रिड अॅन्युइटी पद्धत आहे. काम चालू असताना ४० टक्के सरकार देतं, उरलेले कंपनी घालते आणि सरकारकडनं वर्षानुवर्षं हप्त्यानं परत घेते. टोल घ्यायचा की नाही, कोणाकडनं घ्यायचा, हे सरकारच्या हातात राहतं. तीही काही धुतल्या तांदळाची नाही, पण निदान बोजा सातबाऱ्यावर दिसतो. दिसला की विचारता येतं.

मागणी काय

नुसती टीका करून उपयोग नाही. पुण्याचं असो की दुसऱ्या कोणत्या शहराचं, टोलवर रस्ता किंवा भुयार द्यायचं ठरलं तर सही व्हायच्या आधी या गोष्टी मागायच्या:

१) पूर्ण करार मराठीत प्रसिद्ध करा. शहराच्या बाजारपेठेवर अवलंबून असलेल्या तालुक्यांच्या ग्रामपंचायतींच्या फलकावरही लावा.

२) वाहनांचा अंदाज ज्याला ठेक्यात फायदा नाही अशा संस्थेकडनं तपासून घ्या. गाड्या निम्म्याच आल्या तर पैसे कोण भरणार हे त्यातच लिहा.

३) करार मध्येच मोडला तर कोणत्या वर्षी किती रक्कम द्यायची याचा तक्ता आधी छापा. कोल्हापूरसारखा आकडा शेवटी कळायला नको.

४) जुना रस्ता बंद किंवा अरुंद करायचा नाही.

५) नाक्यावर बोर्ड लावा. खर्च किती, वसूल किती, बाकी किती. दर महिन्याला आकडा बदला. दूध डेअरीत फॅट दिसतो तसा दिसला पाहिजे.

६) कारला सूट द्यायची असेल तर अर्थसंकल्पातनं द्या. ट्रकच्या वसुलीची मुदत वाढवून देऊ नका. आणि भाजीपाला, फळं, दूध नेणाऱ्या गाडीला कारच्या आधी सूट द्या.

कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या मित्रांना एक वेगळी विनंती. तुमच्या उत्पादन खर्चाच्या तक्त्यात बियाणं, खत, मजुरी, पाणी सगळं असतं. त्यात 'बांध ते बाजार' असा एक रकाना घाला आणि टोल त्यात वेगळा दाखवा. आमचं म्हणणं आरडाओरड म्हणून सोडून देता येतं. तुमचा तक्ता तसा सोडून देता येत नाही.

आणि शेतकरी मित्रांनो, गेल्या हंगामातली एखादी पट्टी आणि गाडीभाड्याची पावती काढा. वाहतूकदाराला विचारा, यात टोल किती. माल कोणता, वजन किती, कुठनं कुठं नेला, टोल किती, एवढं खाली लिहा. नाव-गाव नको. पन्नास जणांचे आकडे जमले की तालुकावार यादी करून याच पेजवर टाकतो आणि आमदार-खासदारांना पाठवतो. पुढच्या वेळी मतं मागायला येतील तेव्हा ती यादी हातात असू द्या.

पुढची नोंद नेहमीसारखी शेतातली. खोडव्याच्या पाचटाबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, त्यावर लिहितो.